खर्जाचा कर्णा

कर्णा हा शब्द आपल्या घरांत नवा नाहीं. उत्सवाच्या दिवशीं देवळापुढें फुंकला जाणारा लांब पितळी कर्णा, आजोबांच्या ग्रामोफोनवर धोतऱ्याच्या फुलासारखा उमललेला कर्णा, आणि सभामंडपाच्या खांबाला बांधलेला, आपण ज्याला त्रासून भोंगा म्हणतों तो कर्णा, हीं सारीं एकाच कुळांतलीं भावंडें. या कुळांत आणखी एक भावंड आहे, तें मात्र फारसें कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. बाहेरून तें एखाद्या लाकडी कपाटासारखें दिसतें. फुलासारखें उमललेलें तोंड त्याला नसतें, कारण सारा कर्णा घडी घालून पेटीच्या पोटांत बसविलेला असतो. त्याचें काम एकच: अगदीं तळचे, कानापेक्षां छातीला अधिक जाणवणारे स्वर खोलींत भरणें. त्याचें रूढ नांव हॉर्न सबवूफर. आपण त्याला खर्जाचा कर्णा म्हणूं.

अशी पेटी आराखड्यावरून स्वतःच्या हातानें बांधण्याचा छंद पाश्चात्य देशांत जुना आहे. आतां आपल्याकडेहि एखादा मुलगा किंवा मुलगी असा आराखडा छापून आणते आणि जेवणाच्या पानावर विचारते कीं, हें करूं का? हा प्रश्न त्या एकट्याचा नसतो. घराचा एक कोपरा कायमचा जातो, तीन-चार महिन्यांचे रविवार जातात, आणि शेजाऱ्यांच्या मांडणीवरचीं भांडीं वाजूं लागण्याचा संभव असतो. तेव्हां ही वस्तु आहे तरी काय, तिची किंमत कशांत द्यावी लागते, आणि आराखडा म्हणून जो कागद पुढें येतो त्याचा अर्थ कसा लावावा, हें घरांतील सर्वांनींच समजून घेतलेलें बरें.

प्रथम एक साधा प्रयोग करून पाहावा. उघडा तळहात हवेंत मागेंपुढें हालवावा. हवा बोटांच्या कडेनें निसटून जाते आणि हाताला तिचा विरोध लागत नाहीं म्हटलें तरी चालेल. ध्वनिवर्धकाचा कागदी शंकु नेमका याच अडचणींत असतो. तो ताकदीनें हालतो, परंतु ढकलावयाची वस्तु इतकी हलकी आणि इतकी चुकार कीं त्याची ताकद तिला लागूच पडत नाहीं. सामान्य पेटींत बसविलेल्या स्पीकरला दिलेल्या विजेच्या शंभर भागांपैकीं जेमतेम एखाद्या भागाचा ध्वनि होतो. बाकीची बहुतेक शक्ति आंतलें तारेचें वेटोळें तापविण्यांत खर्ची पडते.

आतां त्याच शंकूपुढें एक अरुंद नळी ठेवली, तर हवेला कडेनें पळावयास वाट राहत नाहीं. ती दाबली जाते आणि शंकूला ढकलावयास कांहीं तरी जड सांपडतें. ही नळी पुढें हळूहळू रुंद होत गेली म्हणजे तो दाब सैल होत होत खोलींतील मोठ्या हवेच्या स्वाधीन होतो. अरुंद टोंकाला कंठ म्हणावें, रुंद टोंकाला मुख. चांगल्या कर्ण्यांत विजेच्या शंभर भागांतले दहा, वीस, कधीं त्याहूनहि अधिक भाग ध्वनिरूपानें बाहेर पडतात. कर्णा स्वतः शक्ति निर्माण करीत नाहीं. चढावर सायकलचा गिअर बदलावा, तसें तो एका बाजूचें बळ दुसऱ्या बाजूस जुळवून देतो. यांत आणखी एक लाभ असा कीं, तेवढ्याच आवाजासाठीं शंकूला फार थोडें हालावें लागतें, आणि थोडें हालणारा शंकु स्वर बिघडवीतहि थोडाच.

परंतु जुळवणीचें हें काम फुकट होत नाहीं. विजेंत जें वांचतें तें जागेंत द्यावें लागतें, आणि खर्जाच्या बाबतींत हा सौदा फार कठोर आहे. काळी एकच्या स्वरांत गाणाऱ्या गवयाच्या तंबोऱ्यावरील खर्जाची तार सेकंदास सुमारें ६९ कंपनें करते. ध्वनि हवेंतून सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो. म्हणजे त्या एका स्वराचा एक तरंग जवळजवळ पांच मीटर लांब झाला. सेकंदास ३० कंपनांच्या स्वराचा तरंग घ्याल तर तो साडेअकरा मीटरांच्या घरांत जातो. शहरांतल्या आपल्या दिवाणखान्यांची लांबी याच्या निम्मीहि नसते. एवढ्या लांब तरंगाला हात धरून बाहेर आणावयाचें, म्हणजे कर्णाहि त्याच्या मापाचा हवा.

कर्ण्याच्या आकाराचें गणित अमेरिकेंतील क्लार्क विद्यापीठाचे आर्थर गॉर्डन वेब्स्टर यांनीं १९१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत मांडलेलें आहे, आणि त्या निबंधाच्या नांवांतच फोनोग्राफचा उल्लेख आहे. पुढें १९२४ सालीं हॅना व स्लेपियन या दोघां इंजिनियरांनीं, ठराविक अंतराला ज्याचें क्षेत्रफळ दुप्पट होत जातें असा कर्णा ध्वनिवर्धकाला कसा सोईचा पडतो याचें विवेचन केलें. तें ठराविक अंतर किती, यावर कर्णा किती खालपर्यंत बोलेल तें ठरतें. ३० कंपनांपर्यंत उतरावयाचें असेल तर दर ६३ सेंटिमीटरला दुप्पट. ६० कंपनांवर समाधान मानलें तर साडेएकतीस सेंटिमीटरला दुप्पट. खर्ज जितका खोल, तितकी रुंद होण्याची चाल संथ. आणि चाल जितकी संथ, तितका कर्णा लांब. एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे कोणताहि आराखडा वाचावयास पुरे.

एक उदाहरण करून पाहूं. कंठाचें क्षेत्रफळ ३०० चौरस सेंटिमीटर आणि मुखाचें ५००० धरलें, तर क्षेत्रफळ सोळा-सतरा पट वाढवावयाचें, म्हणजे चार वेळां दुप्पट करावयाचें झालें. चार वेळां ६३ सेंटिमीटर, म्हणजे अडीच मीटरांहून थोडी अधिक लांबी. तेवढ्या कर्ण्यांत मावणारी हवाच सुमारें ४३० लिटर भरते. तींत पाठीमागची कोठडी आणि लाकडाची जाडी मिळविली, म्हणजे गच्चीवर आपण जी ५०० लिटरची पाण्याची टाकी बसवितों, तेवढी किंवा तिच्याहून मोठी वस्तु दिवाणखान्यांत आली. मुलानें आणलेल्या आराखड्यावरील सुबक चित्रांत हें दिसत नाहीं. चित्राशेजारीं पाण्याची टाकी काढलेली नसते.

आणि एवढें करूनहि मुख लहानच राहतें! चोख गणितानें मुखाचा परीघ सर्वांत लांब तरंगाएवढा हवा. चोहोंकडून मोकळ्या हवेंत टांगलेल्या, ३० कंपनांच्या कर्ण्याचें मुख या हिशेबानें दहा चौरस मीटरांहूनहि मोठें होईल. तोच कर्णा जमिनीवर ठेवला तर निम्म्या मुखावर भागतें, भिंतीलगत ठेवला तर पावावर, आणि दोन भिंती जमिनीला मिळतात त्या कोपऱ्यांत सारला तर अष्टमांशावर, म्हणजे सुमारें सव्वा चौरस मीटरावर काम होतें. कारण त्या भिंती व ती जमीन ध्वनीला पसरूं देत नाहींत. पेटीबाहेर पडल्यावरहि त्या कर्ण्याचेंच काम पुढें चालवितात. आपल्या उदाहरणांतलें मुख याच्याहि निम्म्याहून कमी आहे. अशा आंखूड मुखामुळें कांहीं स्वर थोडे उठून दिसतात व कांहीं दबतात. घरगुती आराखडा करणारे ही तडजोड समजून उमजून करतात.

कर्ण्याला घडी घालण्याची युक्ति ग्रामोफोननेंच घराघरांत आणली. १९२५ मध्यें अमेरिकेंत निघालेल्या ऑर्थोफोनिक व्हिक्ट्रोला या यंत्रांत कर्णा घडी घालून कपाटांत लपविलेला होता. पुढें २७ एप्रिल १९३३ रोजीं फिलाडेल्फिया येथें वाजणारा वाद्यवृंद बेल प्रयोगशाळेनें तारेवरून वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्यें ऐकविला. लिओपोल्ड स्टोकोव्स्की हे त्या वाद्यवृंदाचे सूत्रधार. पण त्या रात्रीं ते वाद्यवृंदापुढें नव्हते, वॉशिंग्टनला नियंत्रणाच्या खुंट्यांपाशीं बसले होते. त्या प्रसंगीं खालच्या स्वरांसाठीं मोठे घडीचे कर्णे वापरले होते. १९३६ च्या कामगिरीबद्दल हॉलिवूडच्या चित्रपट अकॅडमीनें ज्या शीअरर हॉर्नचा गौरव केला, त्याचा खर्जाचा भागहि घडीचाच होता. पण हे सर्व नाट्यगृहांचे अवजड रहिवासी. त्यांना घरांत आणण्याचें श्रेय मुख्यतः पॉल क्लिप्श यांच्याकडे जातें.

क्लिप्श यांच्या कोपऱ्यांत बसणाऱ्या खर्जाच्या कर्ण्याला १९४३ मध्यें पेटंट मिळालें, आणि १९४६ मध्यें आर्कान्सा राज्यांतील होप या लहानशा गांवीं त्यांनीं तो विकण्यासाठीं धंदा उघडला. त्यांचें शहाणपण असें कीं, घराचा कोपरा ही अडचण न मानतां त्यांनीं तिचा कर्ण्याचा शेवटचा हिस्सा म्हणून उपयोग केला. पेटीच्या दोन्ही कुशींतून निघालेला ध्वनि भिंतींच्या आधारानें रुंद होत खोलींत येतो. लांकूड जेथें संपतें तेथें कर्णा संपत नाहीं. तुमची विटांची भिंत तो पुरा करते. घराण्याच्या वाड्यांतल्या दीड फूट जाडीच्या भिंतींना हें काम फार छान जमलें असतें, असें आमच्या मनांत नेहमीं येतें. हल्लींच्या पातळ आडभिंती मात्र स्वतःच थरथरूं लागतात व दिलेल्या ध्वनींतला कांहीं भाग खाऊन टाकतात. पेटंट म्हटलें कीं आकृति सर्वांना पाहावयास खुल्या. त्या आकृति पुढें ठेवून अनेक हौशी लोकांनीं आपापल्या घरीं हा कर्णा बांधला.

अलीकडच्या काळांत टॉम डॅन्ली या अमेरिकन रचनाकारानें 'लॅब सब' नांवाचा कर्णा आंखून त्याचा आराखडा हौशी मंडळींना खुला करून दिला. बारा इंची दोन स्पीकर एका पेटींत, आणि अशा अनेक पेट्या एकमेकींस लावून त्यांचें मिळून एक मोठें मुख करावयाचें, अशी त्याची योजना. ही रचना सभागृहांसाठीं आहे. तिची एकच पेटी घरीं आणणाराला तिच्यापासून पुरा खर्ज मिळणार नाहीं, हें त्या योजनेवरूनच उघड आहे. आराखडा प्रसिद्ध आहे म्हणून तो आपल्यासाठींच आहे, असें नव्हे.

हें सांगण्याचें कारण, आराखडा म्हणजे केवळ फळ्यांचीं मापें नव्हेत. कोणता स्पीकर, त्याच्या पाठीमागें किती लिटरची हवाबंद कोठडी, कंठ केवढा, वाट किती लांब, मुख कोणत्या जागीं, हीं पांचहि एकमेकांशीं बांधलेलीं असतात. यांतलें एक बदललें कीं उरलेल्या चौघांचा हिशेब मोडतो. चकलीच्या भाजणींत एक धान्य अंदाजानें वाढविलें तर काय होतें, तें आपल्या गृहिणींना विचारावें. घरांत आधींच एक स्पीकर पडलेला आहे, तोच आंत बसवूं, ही सूचना कोणी ना कोणी करतोच. ती नम्रपणें नाकारावी. कर्ण्याच्या कंठांत शंकूवर येणारा दाब मोठा असतो. त्याला ताठ शंकूचा व जबर लोहचुंबकाचा स्पीकर लागतो. लेचापेचा शंकु तेथें चुरगळतो. ज्यांना खरोखरच निराळा स्पीकर वापरावयाचा आहे, त्यांनीं गणित नव्यानें करावें. ऑस्ट्रेलियांतील डेव्हिड मॅकबीन यांनीं तयार केलेला 'हॉर्नरेस्प' हा संगणकावरील कार्यक्रम त्यासाठीं विनामूल्य मिळतो, आणि शाळेंत पदार्थविज्ञान मनापासून शिकलेल्या मुलाला महिन्याभरांत तो समजूं लागतो. कांहीं आराखड्यांत पेटीची रुंदी तेवढी आपल्या सोईनें कमी-अधिक करण्याची मुभा रचनाकारानेंच दिलेली असते. ती घ्यावी. बाकीच्या मापांना हात लावूं नये.

आतां नाजुक प्रश्न: या कर्ण्याची आपल्या घराला गरज आहे का? ज्या घरांत मुख्यतः ख्याल, ठुमरी, नाट्यगीतें, कीर्तन ऐकलें जातें, त्या घराला ३० कंपनांचा कर्णा नको, हें आमचें स्पष्ट मत आहे. तंबोऱ्याचा खर्ज ६९ वर आहे, आणि डग्ग्याची घुमारेहि साधारण त्याच परिसरांतली. तेवढ्यासाठीं चांगली साधी पेटी, नाहीं तर ६० कंपनांचा लहानसा कर्णा पुरतो. ज्यांना पाश्चात्य ऑर्गन ऐकावयाचा आहे, त्यांची गोष्ट निराळी; त्याची बत्तीस फुटी नळी १६ कंपनांपर्यंत उतरते. पियानोची सर्वांत खालची पट्टी साडेसत्तावीसवर आहे, आणि हल्लींच्या चित्रपटांतले गडगडाट त्याच भागांत खेळतात. ऐकावयाचें काय, हें आधीं ठरलें तर टाकीएवढी पेटी करावी कीं टेबलाएवढी, हा वाद आपोआप मिटतो.

आमच्या घरीं हा विषय निघाला तेव्हां पुरुषमंडळी कंपनसंख्येवर बोलत राहिली, आणि थोरल्या वहिनींनीं मोजपट्टी मागवून जिन्याचें वळण मोजलें. पेटी तीन फूट रुंद व्हावयाची होती. वळणावर वाट सव्वातीन फूट भरली. सुतारानें मागाहून कबूल केलें कीं, हें त्याच्या ध्यानांत आलें नव्हतें. दुसरी अट आजींची होती: पेटीच्या माथ्यावर फुलदाणी किंवा तसबीर ठेवावयाची नाहीं, कारण ती तेथें नाचेल, पण पेटी बंद असतां तिच्यावर निवडलेल्या भाजीचें सूपहि ठेवावयाचें नाहीं, म्हणजे ती पेटी घरांतल्या इतर लाकडी सामानाप्रमाणें मान राखून असावी. या दोन्ही अटी आराखड्यांत नव्हत्या.

शेजाऱ्यांचा विचार मात्र अटींवर भागत नाहीं. उंच स्वर भिंतीनें अडतात, खर्ज अडत नाहीं. कंपनसंख्या निम्मी झाली कीं त्याच भिंतीची अडविण्याची शक्ति पुष्कळच घटते. आपल्या देशांतील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबेलची मर्यादा आहे, आणि रात्रीं दहा ते सकाळीं सहा हा काळ रात्रीचा धरला आहे. परंतु ही मोजणी मनुष्याच्या कानाच्या कलाप्रमाणें वजन देऊन करतात. तींत ६३ कंपनांच्या स्वराचे सुमारें २६ डेसिबेल, आणि साडेएकतीस कंपनांच्या स्वराचे सुमारें ३९ डेसिबेल वजा होतात. म्हणजे मोजयंत्राचा कांटा मर्यादेच्या आंत असतांहि वरच्या मजल्यावरच्या तान्ह्या मुलाची झोप मोडूं शकते. मिरवणुकींतल्या पेट्यांच्या भिंतींनीं या विषयाला जें वाईट नांव आणलें आहे, त्याचा अर्धा भाग यांतच आहे. म्हणून बांधण्यापूर्वींच शेजाऱ्यांना घरीं बोलवावें, काय होणार तें सांगावें, आणि पेटी तयार झाल्यावर त्यांच्याच घरांत बसून आपली पेटी किती ऐकूं येते तें पाहून यावें. खुंटीवर तेथें एक खूण करावी, आणि रात्रीं ती खूण ओलांडूं नये. मुलांच्या बाबतींत आणखी एक: चांगल्या कर्ण्याचा आवाज बिघडत नाहीं, त्यामुळें तो किती मोठा झाला हें ऐकणाराच्या ध्यानांत येत नाहीं. साधी पेटी किंचाळून सूचना देते. ही देत नाहीं.

एवढें सर्व ठरल्यावर सुताराला बोलवावें. सुतार घरचा असो वा बाहेरचा, लांकूड म्हणजे येथें प्लायवूडच. घन लांकूड पावसाळ्यांत फुगतें व उन्हाळ्यांत आक्रसतें. त्याचे सांधे टिकत नाहींत. आठ बाय चार फुटांचे, अठरा मिलिमीटर जाडीचे तीन-चार ताव मोठ्या पेटीला लागतात, आणि एकेका तावाचें वजनच तीस किलोच्या आसपास असतें, हें जिना चढविणाऱ्यांनीं लक्षांत ठेवावें. कोंकणपट्टींत राहणाऱ्यांनीं आय. एस. ७१० या शिक्क्याचें, ओलाव्यास टिकणारें प्लायवूड घ्यावें. मात्र शिक्क्यापेक्षांहि कडेकडे पाहावें. थरांमध्यें पोकळी राहिली असेल तर ती कडेला भोंकासारखी दिसते. ताव उभा करून बोटाच्या पेरानें ठोकीत गेल्यास पोकळ जागीं आवाज बदलतो. असा ताव परत करावा. आंतली सुटलेली चीप खर्जाच्या स्वराबरोबर झिणझिणूं लागली म्हणजे ती शोधून काढण्यास ब्रह्मदेवहि असमर्थ आहे.

बहुतेक आराखडे इंचांत असतात व पाऊण इंची फळी गृहीत धरतात. पाऊण इंच म्हणजे १९ मिलिमीटरांहून किंचित अधिक. आपल्या बाजारांतली फळी अठराची, आणि मोजली तर कधीं त्याहूनहि पातळ भरते. हा एक मिलिमीटर कोठें महत्त्वाचा व कोठें नाहीं, हें कळलें पाहिजे. कंठापाशीं वाट सहा सेंटिमीटर रुंद असेल, तर दोन्हीकडील फळ्यांचा मिळून दोन मिलिमीटर फरक म्हणजे तीन टक्क्यांहून अधिक झाला. मुखापाशीं तीच वाट अर्धा मीटर रुंद असते, तेथें त्या दोन मिलिमीटरांना कोणी विचारीत नाहीं. म्हणून नियम असा धरावा कीं, फळीची जाडी निराळी निघाली तर पेटीचें बाहेरचें माप बदलूं द्यावें, आंतल्या हवेच्या वाटेचें बदलूं नये. करवतीचें पातेंहि दर कापाला सुमारें तीन मिलिमीटर लांकूड भुशांत घालवितें. तेवढें धरून ताव आंखावा. सर्व सारख्या रुंदीच्या फळ्या एकाच वेळीं, करवतीची मांडणी न बदलतां कापून घ्याव्या. आंतल्या बारा फळ्यांपैकीं एकच अर्ध्या मिलिमीटरनें अरुंद राहिली, तर शेवटची बाजू बसवितांना तेथेंच फट पडते.

जुळणीची चांगली रीत अशी. एक बाजूची फळी जमिनीवर आडवी ठेवून तिच्यावर आंतल्या प्रत्येक फळीची जागा पूर्ण मापानें आंखावी, रांगोळीच्या ठिपक्यांवरून रेघा ओढाव्या तशी. दुसऱ्या बाजूच्या फळीवर तीच आकृति उलट, आरशांत दिसावी तशी काढावी. मग एकेक फळी सरस लावून उभी करावी, गुण्या लावून काटकोन पाहावा आणि स्क्रूनें आवळावी. कंठापासून आरंभ करून मुखाकडे जावें, म्हणजे जेथें अचूकपणा हवा तेथें हात ताजे असतात. साध्या पांढऱ्या सरसानें घट्ट बसलेले सांधे उत्तम धरतात; तिरप्या फळ्यांच्या सांध्यांत थोडी फट राहतेच, तेथें सुकतांना फुगणारा पॉलियुरेथेनचा सरस अधिक उपयोगी. मोठ्या फळ्यांच्या मध्यावर आडव्या पट्ट्या द्याव्या. न दिल्यास फळी स्वतःच बोलूं लागते. शेवटची बाजू बंद करण्याआधीं एक रात्र थांबावें, दुसऱ्या दिवशीं दिवा घेऊन प्रत्येक सांधा आंतून पाहावा आणि विजेच्या तारा ओवून घ्याव्या. एकदां झांकण बसलें कीं आंत पुन्हां हात जात नाहीं. स्पीकर जेथें बसतो तेथें मात्र उघडतां येईल असें दार ठेवावें आणि त्याच्या कडेस रबरी फोमची पट्टी लावावी. स्पीकर केव्हां तरी दुरुस्तीस निघणारच.

पेटी वाजविण्यापूर्वीं ॲम्प्लिफायरवर दोन बंद्या घालाव्या लागतात. कर्णा ज्या मर्यादेखालीं बोलत नाहीं, त्या मर्यादेखालीं शंकूपुढची हवाहि त्याला आधार देत नाहीं. तेथें तो भन्नाट हालतो व फाटतो. म्हणून ३० कंपनांच्या कर्ण्याला त्याच्या थोडें खालचे स्वर जाऊंच देऊं नयेत. वरची बंदी ८० च्या आसपास असावी, कारण घडीच्या वळणांवर वरचे स्वर आपसांत अडखळतात. तिसरी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं: अडीच मीटरांची वाट चालून येणारा खर्ज इतर स्पीकरांच्या आवाजाहून सेकंदाचा सुमारें साडेसात हजारांश भाग उशिरां पोंचतो. घरगुती चित्रपटयंत्रांत प्रत्येक स्पीकरचें अंतर भरण्याची सोय असते. तेथें खर्जाच्या पेटीचें अंतर तेवढ्या मीटरांनीं वाढवून भरलें कीं डग्गा आणि तबला पुन्हां एका हातचे वाटूं लागतात.

बसावयाची जागाहि पाहावी. चार मीटर लांबीच्या खोलींत सुमारें ४३ कंपनांचा स्वर दोन भिंतींमध्यें अडकून राहतो. भिंतीलगत तो घुमतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर नाहींसा होतो. ज्यांनीं झोपाळा मध्यावर टांगला आहे, त्यांना झोपाळ्यावर बसून हा कर्णा निकामी वाटेल. त्यांनीं हातभर मागें सरकून बसावें.

पहिल्या दिवशीं गाणें लावूं नये. संगणकावरून एकच शुद्ध स्वर, अगदीं हलका, ८० कंपनांपासून खालीं खालीं आणीत जावा आणि एकानें पेटीला कान लावून फिरावें. फर्रर्र असा आवाज आला तर सांधा फुटका आहे, टकटक आली तर कांहीं तरी सुटें आहे. फट कोठें आहे हें उदबत्ती सांगते: पेटी बोलत असतां पेटलेली उदबत्ती सांध्यासांध्यावरून फिरवावी, जेथें धुराची रेघ झटके देते, तेथें सरस भरावा. पाठीमागच्या कोठडीचे सांधे आणि दाराच्या कडा विशेष लक्ष देऊन तपासाव्या, कारण तेथली लहानशी फटहि शंकूचा आधार काढून घेते. त्याच वेळीं खिडकीच्या कांचा, कपाटांतल्या ताटल्या, भिंतीवरचीं चित्रें, यांतलें काय काय साथ करूं लागतें तें टिपून ठेवावें. या वस्तूंखालीं फेल्टचे तुकडे चिकटविले म्हणजे पेटीवर येणारे निम्मे दोषारोप नाहींसे होतात.

राहतां राहिलें मुख. तें जमिनीलगत, अंधारें आणि ऐसपैस असतें. मांजर, चेंडू, गोट्या, आणि लपंडाव खेळणारें लहान मूल, या सर्वांना तें सारखेंच प्रिय आहे. मुखावर मजबूत लोखंडी जाळी बसवावी, तिच्या कडेखालीं फोमची पट्टी असावी म्हणजे ती खडखडणार नाहीं, आणि ती खिळ्यांनीं न ठोकतां स्क्रूंनीं बसवावी. दिवाळीच्या साफसफाईंत ती काढून आंतली धूळ झाडतां येते.